रिकामं जंगल कुणी पाहिलं?

(वाचता येणाऱ्यानं हा लेख पारावर बसून मोठ्यानं वाचावा. बायांना आवर्जून बोलवावं. वाचून झाल्यावर अंक पुढच्या गावाला द्यावा.)

हल्ली पेपरच्या रविवारच्या पुरवणीत एकच गोष्ट नावं बदलून फिरून फिरून छापून येते. शहरातला कुणी एक साहेब असतो. मोठी नोकरी, फ्लॅट, गाडी, सगळं असतं. एक दिवस त्याला त्या सगळ्याचा वीट येतो. मग तो समाज सोडतो, जंगलात जातो, झोपडी बांधतो, एकटा राहतो. चुलीवर भाकर थापतो, विहिरीचं पाणी पितो, पाखरं ऐकतो. सोबत रंगीत फोटो. लोक वाचतात आणि म्हणतात, काय हा त्याग!

आता दुसरी गोष्ट ऐका. ही पुरवणीत येत नाही. आली तर आतल्या पानावर चार ओळींत येते. किनवट-माहूरच्या डोंगरात एक गोंड, कोलाम नाहीतर आंध माणूस राहतो. त्याचीही झोपडीच आहे. त्याच्याही घरी चूल आहे, पाखरं त्यालाही ऐकू येतात. त्याचा आजा तिथंच राहिला, बाप तिथंच मेला. या गोष्टीचं सरकारी नाव आहे अतिक्रमण. फोटोच्या जागी इथं पंचनामा असतो.

झोपडी तीच, चूल तीच. एकाचा त्याग होतो आणि दुसऱ्याचा गुन्हा होतो. हे कसं काय, एवढंच आज आपल्याला बोलायचं आहे. कारण हे नुसतं पेपरातलं राहिलेलं नाही. "इकडं शांत जागा मिळेल का, नदीच्या जवळ, गावापासून थोडी लांब?" असं विचारत लोक आपल्या भागात यायला लागले आहेत. कुणी माहूरगडाच्या पायथ्याशी विचारतो, कुणी उनकेश्वरच्या बाजूला, कुणी सहस्रकुंडाकडं. त्यांच्या मागं दलाल असतो, आणि दलाल बहुतेक वेळा आपल्या ओळखीचाच असतो.

त्या माणसांचा आम्हाला राग नाही. लातूर जिल्ह्याकडं बघा. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत त्याची गिनती होते. काळी जमीन बांधापर्यंत नांगरलेली, सावलीला झाड शोधावं लागतं. शहरात शिकवण्यांचा गलका, मे महिन्यात टाकीतल्या पाण्याची वाट. तिथल्या माणसाला साग-मोहाची सावली बघून जीव टाकावासा वाटला तर त्यात नवल नाही. राग आहे तो त्याच्या डोक्यात बसवलेल्या एका कल्पनेचा. ती कल्पना अशी, की जंगल म्हणजे रिकामी जागा. कुणाची नाही म्हणून ज्याला समाज नको त्याची.

एकटा माणूस किती एकटा असतो?

आपल्या माहूरचंच घ्या. एकांतात राहणाऱ्यांत दत्त महाराजांपेक्षा मोठा कोण? अवधूत, ज्याला घर नाही, दार नाही. पण गडावर चढणारा कोणताही भाविक तुम्हाला सांगेल की दत्ताचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि माहूरला फक्त निद्रा. म्हणजे देवालासुद्धा जंगल झोपायला पुरलं. जेवायला त्याला गावच लागलं. कुणाच्या तरी दारात उभं राहून झोळी पुढं करावी लागली, आणि कुण्या तरी बाईनं चुलीवरची भाकर त्यात टाकावी लागली. आपल्या जुन्या माणसांनी ही गोष्ट किती शहाणपणानं रचली बघा.

अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा एक लेखक होऊन गेला. जंगलात एकटं राहण्याच्या सगळ्या गोष्टींचा तो आजा. 1845 साली तो वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी खोली बांधून राहिला, दोन वर्षं दोन महिने. माणूस वाईट नव्हता. गुलामगिरीच्या विरोधात होता, म्हणून त्यानं सरकारचा कर भरला नाही आणि एक रात्र तुरुंगात काढली. गांधीजींनी त्याचं लिखाण वाचलं होतं. पण ती खोली ज्या जागेवर होती ती जागा त्याच्या श्रीमंत मित्राची, इमर्सनची. गाव चालत जाऊन येण्याइतकं जवळ. तळ्याच्या कडेनं आगगाडी जात होती. आणि त्याच रानात त्याच्या आधी गुलामीतून सुटलेली काळी माणसं झोपड्या करून राहून गेली होती. थोरोनं स्वतःच त्यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे. जगाला मात्र थोरोची खोली आठवते. त्या झोपड्या कुणाला आठवत नाहीत.

आपल्याकडं जो कुणी एकटा राहायला येईल त्याचंही तेच होणार. वाट कोण दाखवणार? कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यात पाणी राहतं हे कोण सांगणार? अस्वल मोहाच्या दिवसांत कुठून येतं, पहाटे कोणत्या बाजूनं जायचं नाही, हे कुणाला ठाऊक आहे? साप चावला तर खाटेवर घालून रस्त्यापर्यंत कोण नेणार? आणि महिन्याच्या महिन्याला त्याचं पेन्शन नाहीतर व्याज बँकेत कोण जमा करणार? ज्या समाजाला तो सोडून आलो म्हणतो तोच. एका खांद्यावर शहर आणि दुसऱ्या खांद्यावर आपलं गाव, मध्ये हा बसलेला, आणि म्हणतो मी एकटा आहे.

खरी एकटी माणसं बघायची असतील तर आपल्याच गावात बघा. गावाच्या कडेला राहणारी म्हातारी, नवरा गेलेला, पोरगं हैदराबादला कामाला गेलेलं. ती पहाटे मोह वेचते, दुपारी तेंदूची पानं पुडक्यात बांधते, रात्री दार लावून एकटी निजते. तिचा फोटो काढायला कुणी येत नाही. तिनं एकटेपण निवडलेलं नाही, तिच्यावर ते पडलं आहे. आपल्या समाजात माणसाला एकटं पाडणं ही शिक्षा आहे. वाळीत टाकलेल्या माणसाला विचारा. दंडारीच्या दिवसांत ज्याच्या दारात कुणी नाचायला येत नाही त्याला विचारा. आपण जंगलात राहतो ते एकटं राहायला मिळावं म्हणून नाही. सगळे मिळून राहतो म्हणूनच जंगलात टिकतो. रात्रीची जागल एकट्यानं होत नाही. वणवा एकट्यानं विझत नाही.

"रिकामं" म्हणण्यात कुणाचा फायदा?

जंगल रिकामं आहे हे म्हणणं भाबडं वाटतं. भाबडं नाही. जिथं जिथं जमीन लुटायची होती तिथं आधी ती रिकामी आहे असंच सांगितलं गेलं.

अमेरिकेत 1872 साली यलोस्टोन हे मोठं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं शिकार करणारे, कंद खणणारे मूळचे लोक होते, त्यांना बाहेर ठेवलं. पुढं 1964 साली त्यांनी कायदाच केला. त्या कायद्यात रानाची व्याख्या अशी, की तिथं माणूस फक्त पाहुणा असतो, तो राहत नाही. ज्यांच्या हजार पिढ्या तिथं राहिल्या त्यांचं काय, याचं उत्तर त्या व्याख्येत नाही.

आपल्या देशात इंग्रजांनी 1865 आणि 1878 साली जंगलाचे कायदे केले. आपला भाग निजामाच्या राज्यात. तिथंही राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या, आणि रेषेच्या आत असलेली गावं एका दिवसात चोर ठरली. त्याच्याविरुद्ध कुमरा भीम उभा राहिला. 1940 साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीनं तो पडला. तो आदिलाबाद जिल्हा, आणि आपला किनवट तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. 1956 साली राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा तो नांदेडला जोडला. म्हणजे भीमाची लढाई दुसऱ्या राज्यातली नाही, आपल्या घरातली आहे. पोरांना हे सांगा.

देश स्वतंत्र झाला तरी रेषा तीच राहिली. 1972 साली वन्यजीवांचा कायदा आला. पैनगंगेच्या काठचं जंगल अभयारण्य झालं, आणि गुरं कुठं चारायची हा प्रश्न आपल्या गळ्यात पडला. 3 मे 2002 ला दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की जंगलातली अतिक्रमणं काढा. देशभर झोपड्या पाडल्या गेल्या, काही ठिकाणी तर हत्ती घालून. त्याच्याविरुद्ध गावं रस्त्यावर आली म्हणून 2006 चा वनहक्क कायदा झाला, आणि 1 जानेवारी 2008 पासून त्याचे नियम लागू झाले. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारनं कबूल केलं आहे की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे जंगल रिकामं नव्हतं हे आता कायदाही म्हणतो. पेपरच्या पुरवणीला अजून ते कळलेलं नाही.

शब्दसुद्धा नीट बघून घ्या. मराठीत वनवास म्हणजे हाल. राजाच्या पोराला चौदा वर्षं शिक्षा झाली तो वनवास. ज्या ठिकाणी राहणं ही त्यांच्याकडं शिक्षा आहे ते आपलं घर आहे. आणि हल्ली काही लोक आपल्याला वनवासी म्हणतात. उद्या हा पुरवणीतला साहेबही वनात राहून वनवासीच होईल. मग तो आणि तुम्ही सारखेच. आपण आदिवासी आहोत. वनात राहतो एवढंच आपलं नाव नाही, आधीपासून राहतो हे आपलं नाव आहे. हक्क त्या "आधी"वर उभा आहे.

पाहुणा आणि कामधेनू

माहूरच्या रेणुकामाईची गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जमदग्नी ऋषीच्या आश्रमात सहस्रार्जुन राजा आला. पाहुणा म्हणून आला, दमून आला. ऋषीनं त्याला आणि त्याच्या फौजेला पोटभर जेवू घातलं. एवढं कुठून आणलं म्हणून राजानं विचारलं, तेव्हा त्याला कामधेनू दिसली. जेवून हात धुतला आणि राजा म्हणाला, ही गाय मला पाहिजे. ऋषी नाही म्हणाला तर गाय ओढून नेली. त्या वैरात जमदग्नी मारले गेले.

हे नीट ध्यानात घ्या. राजा लुटायला आला नव्हता, जेवायला आला होता. जंगलात कायम असंच होतं. पहिल्या वर्षी माणूस शांतता बघायला येतो. दुसऱ्या वर्षी तार येते, कुंपण होतं. तिसऱ्या वर्षी त्या कुंपणातून तुमची पाण्याची वाट जाते म्हणून भांडण होतं. चौथ्या वर्षी त्याचे मित्र येतात, खोल्या भाड्यानं दिल्या जातात, आणि जागेला पाटी लागते. मग तुमचं पोरगं तिथं गेटवर उभं राहतं आणि त्याला सांगितलं जातं, साहेबांना एकांत पाहिजे, गुरं इकडून नेऊ नका. गाय कधी गेली ते कळतच नाही.

उलट सवाल आणि आपली उत्तरं

शिकलेली माणसं तीन सवाल करतात. उत्तरं पाठ असू द्या.

पहिला सवाल : "माणूस नसला तरच जंगल वाचतं. एखादा साधा माणूस एकटा राहिला तर काय बिघडतं? तुम्ही तर शेकड्यांनी आहात."
उत्तर : साग कापून लाकूड नेलं ते गाड्यांनी नेलं. गाडी आपल्याकडं नव्हती. ठेका आपल्या नावावर नव्हता. जिथं गावाच्या हातात जंगल आलं तिथं काय झालं ते बघा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ते गाव त्याच्या कितीतरी आधीपासून बसून, बोलून, सगळ्यांच्या एकमतानं जंगल राखत होतं. जंगल राखायला माणूस कमी नको, माणसांची सभा पाहिजे. एकट्या साहेबाला सभा नसते. त्याला फक्त कुंपण असतं.

दुसरा सवाल : "तुमचीच पोरं शहरात पळतात. मग जंगलाचं एवढं प्रेम कशाला दाखवता?"
उत्तर : साहेब शहर सोडतो तेव्हा त्याच्या मागं पेन्शन असतं, आणि नाही जमलं तर परतायला फ्लॅट असतो. आपलं पोरगं गाव सोडतं तेव्हा पाठीवर एक पिशवी असते. ते ऊस तोडायला जातं, बांधकामावर जातं, कारण कसतो ती जमीन नावावर नाही. नावावर नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, विहीर मंजूर होत नाही, आणि दोन पावसाळे कोरडे गेले की घराला कुलूप लागतं. पट्टा द्या, पाणी द्या, मग बघा कोण पळतं.

तिसरा सवाल : "सगळेच तसे नसतात. चांगली माणसंही जंगलात येतात."
उत्तर : येतात, आणि आपण ती ओळखतो. कुमरा भीमाच्या बंडानंतर निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन हायमनडॉर्फ नावाच्या ऑस्ट्रियाच्या माणसाला गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. तो आणि त्याची बायको बेट्टी आदिलाबादच्या मारलावाई गावात राहिले. गावाबाहेर टेकडीवर शांतता शोधत बसले नाहीत. तो गोंडी शिकला. लोकांच्या जमिनी कशा गेल्या ते लिहून सरकारपुढं ठेवलं. गोंड शिक्षक तयार व्हावेत म्हणून मारलावाईला शाळा सुरू झाली, हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. बेट्टीबाई 1987 साली गेल्या, त्यांची समाधी मारलावाईलाच आहे, आणि गाव अजून तिथं फुलं वाहतं. आपल्या मराठीतले मारुती चितमपल्ली जंगल खात्यात होते, नवेगाव बांधला वर्षानुवर्षं राहिले. पाखरांचं, झाडांचं ज्ञान तिथल्या माणसांकडून मिळालं हे त्यांनी नावं घेऊन लिहिलं. खूण एवढीच. चांगला माणूस जंगलात येतो तेव्हा माणसं त्याला दिसतात.

ग्रामसभेनं काय करावं

नुसतं बोलून भागणार नाही. पावसाच्या आधी प्रत्येक गावानं पाच गोष्टी कराव्यात.

1. सामूहिक हक्काचा दावा टाका. घरच्या शेताचा दावा बऱ्याच गावांनी टाकला, पण जंगलाचा टाकला नाही. चराई, मोह, तेंदू, डिंक, चारोळी, नदीचे मासे, देवाची जागा, मसणवटा, पायवाटा, सगळं नकाशावर दाखवा. जे नकाशावर नसेल ते उद्या "रिकामं" ठरेल. कायद्याच्या कलम 3 मध्ये जंगल राखण्याचा हक्क गावाला दिला आहे आणि कलम 5 नं ग्रामसभेला त्याचा अधिकार दिला आहे.

2. वनहक्क समिती नावापुरती ठेवू नका. दहा ते पंधरा जणांची समिती, तिच्यात किमान तिसरा हिस्सा बाया. जंगलात रोज कोण जातं? बायाच जातात. हद्द त्यांना विचारून आखा.

3. पुरावे गोळा करा. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा आहे, 75 वर्षांचा पुरावा त्याला मागता येत नाही. तो नियम इतर पारंपरिक वननिवासींना आहे. कुणी टेबलावर बसून मागितला तर कायदा दाखवा. मराठवाड्यात 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक तहसीलला असतं, त्याची नक्कल काढा. दंडाच्या जुन्या पावत्या फेकू नका. गार्डानं ज्या दिवशी दंड केला त्या दिवशी तुम्ही तिथं होता हे त्यानंच लिहून दिलं आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा आहे.

4. जमीन विकू नका आणि नाव भाड्यानं देऊ नका. वनहक्काचा पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. नवरा-बायको दोघांचं नाव त्यावर लागतं, आणि एकट्या बाईचं घर असेल तर तिचं एकटीचं. त्या कडेला राहणाऱ्या म्हातारीचा दावा आधी भरा. आदिवासीची सातबाऱ्यावरची जमीनसुद्धा महसूल कायद्याच्या कलम 36 आणि 36-अ प्रमाणं कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडं जात नाही, आणि विक्री असेल तर वर सरकारची मंजुरी लागते. म्हणून दलाल काय करतो? आपल्यातल्याच एकाच्या नावावर घेतो. पैसा साहेबाचा, अंगठा आपल्या माणसाचा. असा अंगठा देणारा आपलाच भाऊ असला तरी त्याला सभेत उभा करा आणि विचारा.

5. येणाऱ्या पाहुण्यासाठी ठराव करा. राहायला यायचं असेल तर आधी ग्रामसभेत ये. काय करणार, किती दिवस, पाणी कुठलं, सांग. कुंपण घालता येणार नाही, वाट अडवता येणार नाही. वणवा लागला की तुझ्याही हातात फांदी पाहिजे. एवढं मान्य असेल तर ये, भाकर खा, दंडारीत नाच. मान्य नसेल तर शहरातच एखादी शांत खोली बघ.

गावकरी भावांनो, मायबहिणींनो, समाजाचा कंटाळा कुणालाही येऊ शकतो. त्यावर एक इलाज समाज सोडून पळण्याचा आहे आणि दुसरा समाज नीट करण्याचा. पळायला पैसा लागतो, जमीन लागते, आणि ती जमीन कुणाची तरी असते. आपल्याला पळायला जागा नाही. ती कधीच नव्हती. म्हणून भीमानं दुसरा इलाज धरला, आणि आपण तोच धरून आहोत.

पुढच्या ग्रामसभेत हा लेख वाचा, पाचही मुद्द्यांवर ठराव घ्या, आणि ठरावाची नक्कल अंगठे-सह्यांसकट तालुक्याच्या बैठकीला घेऊन या. कुठल्या गावात कोण जागा बघून गेला तेही लिहून आणा. पुढच्या अंकात गावांची यादी छापू.

जल, जंगल, जमीन कुणाची? गावाची!
जय सेवा.